मूठ सैल

नालेली, आधी हेल्मेटचा पट्टा.
बोलणं मग.

टायरची हवा काढ थोडी. अजून.
अंगठ्याने दाब. पीचसारखा लागला पाहिजे,
पिकलेला नव्हे, परवा पिकेल असा.
टणक टायर खडीवर नाचतो,
आणि या रस्त्याला नाचणारे आवडत नाहीत.

मागच्या पेटीत नऊ नळ्या आहेत,
नऊ जणांचं रक्त, कापसात निजवलेलं.
थाबा-त्सेकाच्या प्रयोगशाळेचा माणूस
दुपारी चारला कुलूप लावतो.
हे तुला माहीत असू दे
आणि चालवताना विसरून जा.

लोक म्हणतात, डोंगरात जीव मुठीत धरून चालवावं.
चूक.
मुठीत फक्त मूठ असते, रबराची.
ती जितकी आवळशील
तितकं पुढचं चाक तुझं ऐकेनासं होईल.
शेजारणीचं पोर बाजारात नेताना
त्याचा हात धरतो ना, तसं धर:
सुटणार नाही, दुखणार नाही.
गुडघ्यांत टाकी पकड, पायखुंट्यांवर उभी राहा.
खाली गाडी थरथरेल. थरथरू दे.
तिची थरथर तिची आहे.

दरीकडे बघायचं नाही.
भीती वाटेल म्हणून नव्हे,
जिथे नजर, तिथे चाक म्हणून.
मी एकदा एका दगडाकडे बघत राहिले,
एवढा रस्ता मोकळा आणि एकच दगड,
गेले बघ त्याच्यावरच, आमंत्रण असल्यासारखी.
खांद्याचं हे हाड अजून थंडीत त्याची आठवण काढतं.

उतारावर दुसरा गिअर; क्लचला हात लावू नकोस.
पुढच्या ब्रेकवर दोनच बोटं, तीही पाहुण्यासारखी.
वळणावर हॉर्न, पलीकडे कोणी नसलं तरी.
घोड्यावरचं माणूस दिसलं की इंजिन बंद,
'लुमेला' म्हण, जाऊ दे त्याला.
गुराख्यांची कुत्री अंगावर येतील.
पळू नकोस, लाथ उगारू नकोस,
हळू हो. त्यांचा विरस होतो.

आता जे प्रशिक्षणात सांगत नाहीत ते.

गेल्या जुलैत खिंडीच्या शेवटच्या तीन वळणांवर
बर्फ होता. पांढरा असता तर दिसला असता,
हा रस्त्याच्याच रंगाचा.
दोन वाजले होते.
मी उतरले, बुटाने घासून पाहिलं.
वारा ब्लँकेटच्या आत शिरून मला चाचपत होता.
खूप वेळ उभी राहिले.
मग गाडी वळवली.

तेवढ्याशा रुंदीत वळवणं म्हणजे
वीतभर पुढे, वीतभर मागे,
अकरा वेळा. मी मोजलं.

रात्र गुराख्यांच्या झोपडीत.
एका पोराने त्याच्यातली अर्धी मक्याची उकड दिली,
पेटीत काय म्हणून विचारलं,
सांगितलं तेव्हा जरा सरकून बसला.
त्या रात्री रक्त गोठलं.
घाबरून नव्हे, खरंच गोठलं,
सगळ्या नळ्यांमधलं.

परत जाऊन म्हणायचं, पुन्हा बाही वर करा.
ही लाज कशी वाहायची
त्याचा वर्ग कोणी घेत नाही.
सात जणांनी हात पुढे केला.
एकीने आधी शिवी दिली, मग हात.
मे मासेलोआने म्हणाली,
"रक्ताचं काय, पुन्हा भरतं.
तुझ्या आईकडे दुसरी तू आहे का, विचार तिला."
नववा घरी नव्हता. मेंढ्यांमागे वर गेलेला.
त्याचा निकाल फार उशिरा आला.
त्याबद्दल मी अजून बोलत नाही.

तरी त्या वळणावर उद्या पुन्हा बर्फ असला
तर मी अकरा वेळा मागेपुढे करीन.
तूही करशील.

चल, चोक ओढ.
पेटीची कडी मी पाहिली आहे,
तरी तू पाहा.
पुढे तू, मागे मी.
वळणावर मला आरशात शोधू नकोस.
माझ्या इंजिनाचा आवाज
तुला ओळखता येतो.